घर भाड्याने द्यावे की कुलूप लावावे?

सोलापुरातील सात रस्ता ह्या चौकात उभे राहून जो मनुष्य सभोवार नीट पाहील, त्यास एक विलक्षण विसंगती दिसल्यावाचून राहणार नाही. संगमेश्वर महाविद्यालयात शिकावयास बाहेरगावाहून आलेले विद्यार्थी, दवाखान्यांत चाकरी करणाऱ्या परिचारिका, बदलीवर आलेले रेल्वेचे व बँकांचे नोकर, नवे बिऱ्हाड थाटू पाहणारी तरुण जोडपी, ही सर्व मंडळी ह्या भागात दोन खोल्या मिळाव्यात म्हणून दारोदार हिंडत असतात. आणि त्याच रस्त्यांच्या कडेला जुन्या बंगल्यांच्या माड्या व नव्या इमारतींतील सदनिका कुलूप लावून धूळ खात पडलेल्या असतात. मालकास कारण विचारावे, तर उत्तर बहुधा एकच मिळते: ‘जागा रिकामी राहिली तरी पुरवली, पण भाडेकरू नको!’

ही स्थिती एकट्या सोलापूरची नव्हे. २०११ च्या जनगणनेत देशातील शहरांत सुमारे १ कोटी १० लाख घरे रिकामी आढळली, आणि त्यांत सर्वांत मोठा वाटा आपल्या महाराष्ट्राचा होता. ज्या देशात कोट्यवधी कुटुंबे एका खोलीत चूल, पाळणा आणि म्हाताऱ्यांची अंथरुणे मांडतात, त्या देशात बांधून तयार असलेली घरे ओस पडावीत, ह्याहून मोठा अपव्यय तो कोणता? पेटीत घालून पुरून ठेवलेले सोने आणि कुलपात ठेवलेले घर ह्यांत अर्थशास्त्राच्या दृष्टीने भेद नाही. असलाच तर इतकाच की, सोने झिजत नाही आणि घर झिजते. मालकाचे भाडे बुडते, गरजवंताची सोय बुडते, आणि शहराचे भांडवल निकामी होऊन पडते. म्हणून हा प्रश्न केवळ घरमालकांच्या खासगी सोयीचा नसून सार्वजनिक हिताचा आहे, आणि त्याचा विचार आज आम्ही थोड्या विस्ताराने करणार आहो.

घरमालकांच्या तक्रारी आम्हांस ठाऊक आहेत, आणि त्या सर्वस्वी खोट्या आहेत असेही आमचे म्हणणे नाही. भाडेकरू एकदा आत शिरला की निघत नाही. कायदा त्याच्या बाजूचा. कोर्टात गेले तर बापाने लावलेला दावा मुलास चालवावा लागतो. भाडे मूठभर आणि महापालिकेचा कर पसाभर. ही गाऱ्हाणी नव्या पेठेपासून रेल्वे लाइन्सपर्यंत कोठेही ऐकू येतात. परंतु वकिलीच्या धंद्यामुळे अशा कज्जांचे कागद आमच्या नजरेखालून वारंवार जातात, आणि ते वाचून आमचे मत असे झाले आहे की, आजच्या दिवशी घरमालकास जितके नुकसान कायद्यामुळे सोसावे लागते, त्याहून अधिक नुकसान त्याच्या स्वतःच्या तोंडी व्यवहारामुळे सोसावे लागते. जो व्यापारी दुकानातील पावशेर मालाची नोंद रोजकीर्दीत केल्याशिवाय झोपत नाही, तोच व्यापारी पन्नास लाखांचे घर केवळ शब्दावर दुसऱ्याच्या स्वाधीन करतो, आणि पुढे शब्द फिरला म्हणजे कायद्यास बोल लावतो! कायद्यात दोष आहेत, ते आम्ही पुढे सांगूच. पण आधी तो कायदा काय आहे आणि असा का झाला, हे समजून घेतले पाहिजे.

मालमत्तेचा हक्क म्हणजे नेमके काय, ह्याचा पहिला धडा स्वतंत्र हिंदुस्थानाने ज्या वादातून घेतला, तो वाद आपल्याच शहरातला आहे, ही गोष्ट आज पुष्कळांच्या विस्मरणात गेली आहे. १८७४ साली स्थापन झालेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, म्हणजे आपली ‘जुनी गिरणी’, १९४९ साली बंद पडली. हजारो कामगार उघड्यावर आले. आणि जानेवारी १९५० मध्ये सरकारने वटहुकूम काढून तिचा कारभार आपल्या हाती घेतला. एक भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेला व डिसेंबर १९५० मध्ये हरला. दुसरा भागधारक गेला व डिसेंबर १९५३ मध्ये जिंकला. मोबदला न देता मालकाचा कारभार असा काढून घेणे घटनेस धरून नाही, असे न्यायालयाने ठरविले. असल्या निकालांमुळे १९५५ साली घटनेच्या मालमत्तेसंबंधी कलमातच दुरुस्ती झाली. आणि पुढे १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीतून वगळला जाऊन अनुच्छेद ३००-अ मध्ये त्यास साध्या घटनात्मक हक्काचे स्थान मिळाले. ह्या सर्व इतिहासाचे सार दोन वाक्यांत सांगता येईल. मालकी ही निरंकुश सत्ता नव्हे, समाजाच्या गरजेपुढे तिला वाकावे लागते. पण तिला वाकवावयाचे झाल्यास ते कायद्याच्या मार्गानेच वाकविले पाहिजे. घरमालक व भाडेकरू ह्यांच्यामधील कायदाही ह्याच दोन वाक्यांच्या कात्रीत वाढलेला आहे.

भाडेनियंत्रण ही काही आपल्याकडील समाजवाद्यांनी काढलेली टूम नव्हे. मालमत्तेस पवित्र मानणाऱ्या इंग्लंडातच तिचा उगम आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळी ग्लासगो शहरातील कामगारवस्तीतल्या स्त्रियांनी घरमालकांच्या भाडेवाढीविरुद्ध भाडे देण्याचेच बंद केले, आणि १९१५ साली ब्रिटिश पार्लमेंटास भाडी गोठविणारा कायदा करावा लागला. तेच वळण १९१८ साली मुंबई इलाख्यात आले. दुसऱ्या महायुद्धात शहरे पुन्हा फुगली, घरांची टंचाई शिगेस पोचली, आणि १९४७ साली मुंबई भाडेनियंत्रण कायदा झाला. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे चालू होते तेच प्रमाण भाडे, असे त्या कायद्याने ठरविले. गिरणीच्या भोंग्यावर जगणाऱ्या कामगारास त्या काळी ह्या कायद्याने छप्पर दिले, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. तो नसता, तर चाळीचा मालक सांगेल ते भाडे अथवा रस्ता, ह्यांवाचून कामगारास तिसरी गती नव्हती.

परंतु तात्पुरता म्हणून केलेला कायदा मुदतीमागून मुदत वाढवीत अर्धशतक चालविला, आणि तेथे औषधाचे विष झाले. तांदूळ, कापड, मजुरी, सिमेंट, सर्वांचे भाव शंभरपट झाले, पण भाडे १९४० च्या खुंटीस बांधलेलेच राहिले. मालकाने दुरुस्ती सोडली. भाडेकरूस दहा रुपयांत वाडा मिळाला, पण तो गळका मिळाला. आणि भाड्यात जे मिळत नव्हते ते ‘पागडी’ ह्या नावाने अंधारात मिळू लागले. अखेर डिसेंबर १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य ह्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, प्रमाण भाडे असे गोठवून ठेवणे एके काळी वाजवी असले तरी कालांतराने ते अवाजवी झाले आहे. ह्यानंतर महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ हा नवा कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. आणि आजचे सर्व व्यवहार ह्या कायद्याने बांधलेले आहेत.

ह्या कायद्याची दोन तोंडे आहेत, ती आमच्या वाचकांनी वेगवेगळी ओळखली पाहिजेत. पहिले तोंड जुन्या भाडेकरूंकडे पाहणारे आहे. जुन्या जागांचे भाडे १ ऑक्टोबर १९८७ च्या भाड्याशी जोडलेले आहे, व कलम ११ अन्वये मालकास दरसाल शेकडा चार इतकी वाढ घेता येते. २००० साली ज्या दुकानगाळ्याचे भाडे ५० रुपये होते, त्याचे चक्रवाढीने धरले तरी पंचवीस वर्षांनी ते सुमारे १३३ रुपये होईल! एवढ्यात आज एक नळ दुरुस्त करणाराही येत नाही. भाडेकरू प्रमाण भाडे देत असेल व देण्यास तयार असेल, तोपर्यंत कलम १५ त्याच्या पाठीशी उभे आहे. भाडे थकले तरी मालकाने लेखी मागणी करून नव्वद दिवस थांबावयाचे, त्यानंतर दावा, आणि समन्स लागल्यापासून नव्वद दिवसांत भाडेकरूने थकबाकी शेकडा पंधरा व्याजाने व दाव्याच्या खर्चासह कोर्टात भरली, तर त्यास थकबाकीच्या कारणाने बाहेर काढता येत नाही. कलम १६ मध्ये जागा परत मिळविण्याची इतर कारणे दिली आहेत: जागेची नासाडी, लेखी संमतीवाचून पक्के बांधकाम, शेजाऱ्यांस उपद्रव, पोटभाडेकरू ठेवणे, सबळ कारणाविना सहा महिने जागा न वापरणे, मालकाची स्वतःची वाजवी व खरीखुरी गरज, इत्यादी. पण गरज सिद्ध झाली तरी कोणाची अडचण अधिक, मालकाची की भाडेकरूची, हे कोर्ट तोलून पाहते. आणि अर्धी जागा देऊन दोघांचे भागत असेल, तर तेवढ्याच भागाचा हुकूमनामा करते.

येथे घरमालकांचा एक फार प्रचलित समज आम्हांस खोडून काढला पाहिजे. रागाच्या भरात मालक भाडे घेण्याचे नाकारतो. पूर्वी मनीऑर्डर परत पाठवीत, आता बँकेत जमा केलेली रक्कम उलट पाठवितात. आणि वाटते असे की, भाडे न घेतल्याने भाडेकरूचा हक्क मोडेल. वास्तविक परिणाम अगदी उलट होतो. भाडेकरू भाडे देण्यास सदैव तयार होता, ह्याचा ह्याहून चांगला पुरावा भाडेकरूस शोधूनही सापडणार नाही! तसेच वीज वा पाणी तोडून भाडेकरूस जेरीस आणण्याचा मार्ग. आवश्यक सोयी तोडणे हा कलम २९ अन्वये गुन्हा आहे. तो करणारा मालक आपल्या चांगल्या दाव्यात स्वतःच खोट घालून घेतो. भाड्याची पावती देणे हीदेखील मेहेरबानी नव्हे, कायद्याने बांधलेले कर्तव्य आहे.

कायद्याचे दुसरे तोंड नव्या व्यवहारांकडे पाहणारे आहे. आणि सात रस्त्यावरील कुलपे उघडण्याची किल्ली तेथेच आहे. राहण्याची जागा ‘लिव्ह अँड लायसन्स’, म्हणजे ठरावीक मुदतीच्या परवान्यावर दिली असेल, तर मुदत संपताच जागा परत मिळविण्यासाठी मालकास कलम २४ अन्वये सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. तेथे लेखी करार हा त्यात लिहिलेल्या गोष्टींचा निर्णायक पुरावा मानला जातो. तोंडी साक्षीपुराव्याचा गुंता तेथे चालत नाही. मुदतीनंतर जागा अडवून बसणाऱ्यास ठरलेल्या आकाराच्या दुप्पट दराने नुकसानी भरावी लागते. म्हणजे ‘एकदा आत शिरलेला निघत नाही’ हे वाक्य राहत्या घरापुरते, चोख करार करणाऱ्यासाठी, २००० सालापासून जुने झाले आहे. पण हे जाणतो कोण?

आणि जे जाणतात तेही अर्धेच जाणतात. ‘अकरा महिन्यांचा करार असला म्हणजे नोंदणी लागत नाही’ हे वाक्य आमच्या शहरात वेदवाक्यासारखे चालते. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची, हा १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातील व १९०८ च्या नोंदणी कायद्यातील जुना नियम; त्यावरून अकरा महिन्यांची ही पळवाट निघाली. परंतु १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ ने ती पळवाट महाराष्ट्रात बंद केली आहे. भाड्याचा असो वा परवान्याचा, मुदत अकरा महिन्यांची असो वा पाच वर्षांची, करार लेखी असला पाहिजे व नोंदला गेला पाहिजे. आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. ती न पाळल्यास दोन शिक्षा आहेत. एक उघड: तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दुसरी आडून येणारी व अधिक जबर: लेखी नोंदलेला करार नसेल, तर कोणत्या अटींवर जागा दिली ह्याबाबत भाडेकरू जे सांगेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते! मुद्रांकाच्या कागदावर दोन सह्या करून व नोटरीचा शिक्का मारून जो मालक निर्धास्त झोपतो, त्याने हे वाक्य दोनदा वाचावे. नोंदणीचा खर्च एका महिन्याच्या भाड्याहून बहुधा कमीच येतो, आणि हल्ली असा करार घरबसल्या संगणकावरून नोंदविण्याची सोय शासनाने केलेली आहे. एवढे असूनही जो ती टाळतो, तो पैसे वाचवीत नसून घर पणास लावतो.

दुकाने व कचेऱ्या ह्यांची गोष्ट मात्र वेगळी आहे. कलम २४ ची जलद वाट केवळ राहत्या जागेसाठी आहे. दुकानदाराशी वाद झाल्यास दिवाणी कोर्टाचा लांबचा रस्ता धरावा लागतो. उलटपक्षी बँका, सरकारी उपक्रम, आणि एक कोटी रुपये वा त्याहून अधिक भरणा झालेल्या भागभांडवलाच्या कंपन्या ह्यांस दिलेल्या जागांना हा कायदा लागूच होत नाही. तेथे कराराच्या अटी व मालमत्ता हस्तांतरण कायदा एवढेच पाहिले जाते. तळमजल्यावर बँकेची शाखा असावी म्हणून मालक इतके का झटतात, ह्याचे रहस्य हेच. ज्याने दुकानगाळा छोट्या व्यापाऱ्यास द्यावयाचा आहे, त्याने प्रथमपासूनच मुदत, भाडेवाढ, वापराचा हेतू व पोटभाड्याची मनाई ह्या चार गोष्टी नोंदलेल्या करारात स्पष्ट लिहून घ्याव्यात. पागडीसंबंधीही हेच. १९९९ च्या कायद्याच्या कलम ५६ ने पागडीस उजेडात आणले आहे. ती घेणे हा आता गुन्हा राहिलेला नाही. मग ती पावतीवाचून, हिशेबावाचून घेण्याची जुनी खोड का सुटू नये? अंधारात दिलेल्या पैशाचा वारस कोणीही होत नाही. ना देणाऱ्याचा मुलगा, ना घेणाऱ्याचा.

जुन्या पेठांतील वाड्यांचा प्रश्न ह्याहून अवघड आहे. तेथे दर पावसाळ्यापूर्वी महापालिकेच्या नोटिसा लागतात. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ अन्वये पडावयास आलेली इमारत उतरविण्याचा अधिकार आयुक्तांस आहे. काही मालक ह्या नोटिशीची वाट चातकासारखी पाहतात. त्यांस वाटते, भिंत पडली की भाडेकरूही गेला. हा भ्रम सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगली-मिरजेकडील एका प्रकरणात दूर केला. इमारत गेली तरी जमीन उरते, आणि भाडेकरूचा हक्क केवळ इमारत पाडल्याने नष्ट होत नाही, असा तो निर्णय आहे. तेव्हा घर मुद्दाम पडू देणे हा गुंतवणुकीचा मार्ग तर नव्हेच, तो मनुष्यहत्येचा जुगार होय. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी मुंबईच्या भेंडीबाजारात एक जुनी इमारत कोसळून तेहेतीस माणसे मेली. त्या ढिगाऱ्याखालून मालकाचा हक्क वर आला नाही आणि भाडेकरूचाही नाही. दुरुस्ती हे कलम १४ अन्वये मालकाचे कर्तव्य आहे; ते तो करीत नसेल तर नोटीस देऊन भाडेकरूने स्वतः करावी व वर्षाच्या भाड्याच्या चौथाईपर्यंत रक्कम भाड्यातून वळती करावी, अशीही तरतूद आहे. पण १३३ रुपयांच्या भाड्याची वर्षाची चौथाई म्हणजे चारशे रुपये. त्यात एक गोणी सिमेंट येईल, भिंत येणार नाही! म्हणून अशा ठिकाणी दोन्ही पक्षांनी कोर्टाबाहेर बसून, लेखी ठराव करून, पुनर्बांधणीत भाडेकरूस जागा व मालकास मोकळा हिस्सा, असा तोड काढावा हेच शहाणपणाचे.

आता मालकांच्या घरातील एका रोगाकडे वळू. सोलापुरातील किती घरांच्या मिळकत पत्रिकेवर आजही मयत आजोबांचेच नाव आहे? एक मुलगा पुण्यास, दुसरा परदेशी, मुलगी हैदराबादेस. भाडे वसूल करतो शेजारचा चुलतभाऊ, हिशेब कोणाकडेच नाही. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीस मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला, आणि बाप २००५ साली हयात असो वा नसो तो हक्क तिला आहेच, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली नि:संदिग्ध केले. तरी बहिणीचे नाव लावावयास भाऊ कचरतात, आणि पुढे विक्रीच्या वेळी ग्राहकाचा वकील तिची सही मागतो तेव्हा धावाधाव होते. घरातील वाटणी अर्धवट ठेवून भाडेकरूवर दावा लावणे म्हणजे गळक्या मोटेने विहीर उपसणे होय. वारसांची नावे लावावीत, वाटणीपत्र वा एकास नोंदलेले मुखत्यारपत्र द्यावे, आणि भाडे एकाच बँकखात्यात जमा करावे. निम्मे कज्जे तेथेच मिटतील.

व्यापारी वाचकांसाठी थोडे आकडे मांडतो. समजा, कोणी ५० लाखांची सदनिका घेतली व ती दरमहा १२ हजारांस भाड्याने दिली. वर्षाचे आले १ लाख ४४ हजार, म्हणजे शेकडा तीनहूनही कमी. त्यातून एक महिना जागा रिकामी राहिली त्याचे १२ हजार, घरपट्टी व इमारतीची वर्गणी २४ हजार, रंगरंगोटी व दुरुस्ती १० हजार वजा जाता उरले ९८ हजार. शेकडा दोनसुद्धा पुरते भरत नाहीत. प्राप्तिकराच्या हिशेबात भरलेली घरपट्टी वजा होऊन राहिलेल्या भाड्यावर शेकडा तीस सूट मिळते हे खरे, पण बँकेतील साधी मुदत ठेवही ह्याच्या दुपटीहून अधिक व्याज देते. मग हे घर घेण्यात हशील काय? हशील किंमत वाढेल ह्या आशेत. आणि आशेवर कर्ज काढून जो दुसरे-तिसरे घर घेतो, तो व्याज रोख देतो व नफा उधार घेतो. घर ही गुंतवणूक वाईट नव्हे. पण ते एकदा घेतले की आपोआप पिकणारे शेत नव्हे. त्याची मशागत करावी लागते. आणि जो ते कुलपात ठेवतो, त्याचे तर ते दोन टक्केही बुडून वरून घरपट्टी अंगावर पडते. भाडेकरूच्या भीतीची किंमत मालक दरसाल लाख-दीड लाख रुपये मोजतो, आणि तिची नोंद कोणत्याही वहीत होत नाही.

परंतु सर्वच कुलपे कायद्याच्या भीतीने लागलेली नाहीत, हे सांगण्याचे धैर्य आम्ही केले पाहिजे. सोलापूर हे मराठी, कानडी, तेलुगू व उर्दू अशा चार भाषांचे शहर. असे असता जागा पाहावयास आलेल्या मनुष्यास पगार किती, नोकरी कोठे, हे विचारण्यापूर्वी आडनाव विचारले जाते. आडनावावरून जात, जातीवरून जेवण, आणि मग ‘जागा कालच गेली’ असे उत्तर मिळते. एकट्या राहणाऱ्या नोकरदार स्त्रीस तर दारातूनच परत फिरावे लागते. १९१७ साली विलायतेहून शिकून आलेल्या डॉ. आंबेडकरांस बडोद्यात राहावयास जागा मिळाली नाही, हे वाचून आज सर्वांस हळहळ वाटते. पण त्या हळहळीचा उपयोग काय, जर तोच प्रश्न आपण सात रस्त्यावर आजही विचारीत असू? अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणास राहत्या जागेच्या बाबतीत आडकाठी करणे हा १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हे मालकांनी लक्षात ठेवावे. आणि जेथे कायदा गप्प आहे तेथे निव्वळ व्यवहार पाहावा: ज्याची मिळकत नियमित, पूर्वीच्या मालकाचा दाखला चांगला व करारावर सही करण्याची तयारी, तो भाडेकरू चांगला, मग त्याचे आडनाव काही असो. भाडे आडनावातून येत नाही, पगारातून येते.

भाडेकरूंसही दोन शब्द. कायद्याचे संरक्षण हे निराश्रितासाठी आहे, सोकावलेल्यासाठी नव्हे. ज्याने स्वतःचे घर बांधून ते दुसऱ्यास भाड्याने दिले आणि आपण मात्र जुन्या बिऱ्हाडाचा ताबा नाममात्र भाड्यावर धरून ठेवला, तो भाडेकरू गरिबाच्या नावाने श्रीमंतीचा भोग घेतो. अशा एका उदाहरणाने दहा मालक आपली दारे बंद करतात, आणि त्याचे प्रायश्चित्त उद्याच्या खऱ्या गरजवंतास भोगावे लागते.

राहता राहिले सरकार. राहत्या घरापुरती जलद वाट कायद्यात आहे, पण ती चालविणारे अधिकारी व कर्मचारी पुरेसे नसतील, तर जलद वाटही कासवाचीच होते. सक्षम प्राधिकाऱ्यांची संख्या वाढवून निकालाची मुदत काटेकोरपणे पाळली गेली पाहिजे. छोट्या दुकानांसाठीही नोंदलेल्या मुदतबंद कराराची अशीच वाट खुली करावी. जुन्या प्रमाण भाड्यात, वृद्ध व गरीब भाडेकरूंस वगळून, टप्प्याटप्प्याने अशी वाढ करावी की निदान दुरुस्तीचा खर्च तरी त्यातून निघेल. केंद्र सरकारने जून २०२१ मध्ये आदर्श भाडेकरार कायद्याचा नमुना मंजूर करून राज्यांकडे पाठविला. त्यात राहत्या जागेची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित करण्याची व वादांसाठी स्वतंत्र भाडे न्यायालयांची योजना आहे. हा विषय राज्याच्या अखत्यारीतला असल्यामुळे नमुना तो नमुनाच; त्यातील चांगले घेऊन, जुन्या भाडेकरूंस एका रात्रीत रस्त्यावर न आणता, कायदा करणे हे विधिमंडळाचे काम आहे.

पण सरकार काय करील ह्याची वाट पाहत बसण्याचे घरमालकास कारण नाही. त्याच्या हातात आज जे आहे तेच बरेच आहे: वारसांची नावे लागलेली मिळकत पत्रिका, नोंदलेला करार, बँकेतून येणारे भाडे, दर महिन्याची पावती, वर्षातून एकदा दुरुस्ती, आणि भाडेकरूशी माणुसकीचे बोलणे. घर देणे हा उपकार नव्हे व घेणे ही लाचारी नव्हे. तो दोन नागरिकांमधील व्यवहार आहे, आणि व्यवहार म्हटला की वही आलीच. ज्याची वही चोख आहे त्याने सात रस्त्यावरील आपल्या माडीचे कुलूप निर्धास्तपणे काढावे. ज्याची वही कोरी आहे, त्यास मात्र कोणताही कायदा, जुना वा नवा, फार काळ वाचवू शकणार नाही.